फाशांचा कौल आणि भुयारातले सोने

इसवी सन १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या आणि एका पेटीत तीन पातळ पुस्तिका एवढाच त्याचा सरंजाम होता. टेबलाभोवती बसलेल्यांनी योद्धा, मांत्रिक अशी एकेक भूमिका घ्यायची, आणि भुयाराचा नकाशा आपल्यापाशी झाकून ठेवणाऱ्या पंचाने त्यांना वाटेत काय दिसते, काय आडवे येते, हे सांगत जायचे, अशी त्याची रीत. तीन पुस्तिकांपैकी दुसरी राक्षस आणि खजिना या दोन विषयांना वाहिलेली होती. तिच्यातले खजिन्याचे कोष्टक हे माझ्या मते त्या खेळाचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत उपेक्षित अंग होय.

कोष्टकाची मांडणी जुन्या दफ्तरातील फर्दीसारखी काटेकोर आहे. डाव्या बाजूस ‘ए’ पासून ‘आय’ पर्यंत खजिन्याचे प्रकार, पुढे तांबे, रुपे, सोने, रत्ने, दागिने, जादूच्या वस्तू असे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात तो जिन्नस तेथे असण्याची शेकडा शक्यता व असल्यास त्याचे प्रमाण. वीस पैलूंचे, शून्य ते नऊ हे अंक दोन-दोनदा कोरलेले फासे टाकायचे, एकाने दशक आणि दुसऱ्याने एकक ठरवायचा, आणि जो कौल येईल तो मान्य करायचा. ड्रॅगनच्या गुहेस ‘एच’ प्रकार लागू. तेथे रुपे निघण्याची शक्यता शेकडा पन्नास, आणि निघालेच तर एक हजारापासून एक लाख नाण्यांपर्यंत कितीही. माणसांच्या टोळ्यांसाठी ‘ए’ प्रकार नेमलेला, पण त्यातही भूमीवरच्या, पाण्यावरच्या आणि वाळवंटातल्या टोळ्यांचे हिशेब निरनिराळे. प्रत्येक रत्नासाठी वेगळा फासा पडे, आणि त्यावर एक आला की ते रत्न वरच्या किमतीच्या वर्गात चढे.

टॉम मोल्डवे यांनी १९८१ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीत गॉब्लिनांच्या बिळास ‘सी’ प्रकार दिला आहे, आणि ‘सी’च्या ओळीत सोन्याच्या नाण्यांचा रकाना कोरा आहे; ऑर्कांच्या ‘डी’ मध्ये मात्र सोन्याची शक्यता शेकडा साठ. कोण कोणाला लुटतो, कोणाच्या हाती सोने टिकते आणि कोण तांब्या-रुप्यावर गुजराण करतो, याचा सारा इतिहास ग्रंथकाराने एकही वाक्य न लिहिता या दोन ओळींत सांगून टाकला आहे. अशा ठिकाणी मला हे कोष्टक वाङ्मयाच्या पंक्तीस बसण्याजोगे वाटते.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य दुसऱ्या एका नियमात होते. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे अनुभवाचा एक गुण मिळे. योद्ध्यास दुसऱ्या पायरीवर चढण्यासाठी दोन हजार गुण लागत, आणि मोल्डवे यांच्या आवृत्तीत एक ऑर्क मारल्याचे गुण अवघे दहा. म्हणजे दोनशे ऑर्कांशी झुंजावे किंवा दोन हजार मोहरा उचलाव्यात. शहाण्या खेळाडूने कोणता मार्ग धरावा हे उघड होते. मात्र उचलणेही सोपे नसे. दहा नाण्यांचे वजन एक पौंड, मोठ्या पोत्यात मावणारी नाणी सहाशे, आणि एका माणसाने वाहून नेण्याची परम मर्यादा सोळाशे. सहा हजार तांब्याची नाणी हाती लागली तर त्यांचे मोल साठ मोहरा आणि वजन सहाशे पौंड. ती तेथेच टाकून जावे, की खेचर आणि हमाल घेऊन पुन्हा त्याच अंधारात उतरावे, यावर टेबलाभोवती खल चाले. लपणे, फसवणे, तह करणे, ऐनवेळी काढता पाय घेणे, या सगळ्या युक्त्यांना या हिशेबानेच प्रतिष्ठा दिली.

पंचाच्या बाजूने पाहिले तर फाशांनी त्याला पक्षपाताच्या आरोपातून मुक्त केले. महत्त्वाचे खजिने आधी विचारपूर्वक मांडावेत आणि उरलेल्या दालनांचा निर्णय फाशांवर सोपवावा, असा मूळ पुस्तिकेचाच सल्ला होता. कोष्टकाचा स्वतःचा कल मात्र होताच: जादूच्या वस्तूंत शंभरांपैकी वीस कौल तलवारीचे, कारण तशी तलवार केवळ योद्ध्यालाच चालवता येई, आणि मंत्रविद्येपासून वंचित असलेल्या त्या वर्गाची भरपाई करण्याची तजवीज तेथे होती.

पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्यामागचे गुण हा ऐच्छिक नियम झाला, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रसंगाच्या काठिण्यानुसार खजिन्याचे मोल बेतले जाऊ लागले. कोणी कमी-अधिक श्रीमंत होऊ नये हा हेतू चांगला होता. पण गॉब्लिन गरीब का आणि ड्रॅगन श्रीमंत का, हे सांगणारी जुनी अक्षरे त्यात लोपली, हे नुकसान मला मोठे वाटते. जुन्या पद्धतीच्या चाहत्यांनी ती वहिवाट सुदैवाने पुन्हा सुरू केली. ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ने २००७ मध्ये अक्षरांऐवजी रोमन आकडे घातले, २०१९ च्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ने मूळ अक्षरे, सोन्यामागचे गुण आणि नाण्यांचे वजन ही तिन्ही एकत्र परत आणली, आणि तसे करणेच योग्य होते, कारण वजनाची अडचण नसेल तर ‘सी’च्या ओळीतले तांबे आणि ‘डी’च्या ओळीतले सोने यांत निवड करण्याची वेळच कोणावर येत नाही.