कंकाल स्नायू

कंकाल स्नायू म्हणजे हाडांना जोडलेले व इच्छेनुसार आकुंचन पावणारे स्नायू होत. मानवी शरीरात असे सहाशेहून अधिक स्नायू असतात. सांध्यांच्या ठिकाणी हाडांना ओढून ते शरीराची हालचाल घडवतात.

संज्ञा

सुश्रुतसंहितेत मांसल भागास 'पेशी' म्हटले असून 'स्नायू' ही संज्ञा बांधून ठेवणाऱ्या तंतूंसाठी आहे. त्या ग्रंथात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. आधुनिक मराठीत 'स्नायू' हा शब्द मांसल भागासाठी, तर 'पेशी' हा सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी रूढ झाला. म्हणून ग्रंथातील ९०० ही संख्या आजच्या अर्थाच्या स्नायूंची समजू नये.

जोडणी

स्नायू हाडाला कंडरेने जोडलेला असतो. कंडरेतील चिवट कोलॅजेन तंतू थेट हाडात रुजलेले असतात. हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध याहून वेगळा. स्नायूच्या तुलनेने स्थिर टोकास उगम व हलणाऱ्या टोकास निवेश म्हणतात. दंडाच्या पुढील बाजूच्या द्विशिरस्क स्नायूचे दोन्ही उगम खांद्याच्या पात्यावर असून मुख्य निवेश कोपराखालील हाडावर, अंगठ्याच्या बाजूस असतो. तो कोपराचा सांधा ओलांडून जातो, म्हणूनच आकुंचन पावताच कोपर वाकते.

हालचाल

चेतातंतूकडून संदेश येताच स्नायूतील ॲक्टिन व मायोसिन यांचे तंतू एकमेकांवरून सरकतात व स्नायू आखूड होऊ लागतो. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे विरुद्ध हालचालीसाठी दुसरा स्नायू लागतो. दोरीच्या मल्लखांबावर हातांनी शरीर वर ओढताना द्विशिरस्क व त्याचे सहकारी स्नायू कोपर वाकवतात. जोर काढताना शरीर वर उचलले जाते, तेव्हा दंडामागील त्रिशिरस्क स्नायू कोपर सरळ करतो.

तरफ

कोपर वाकताना हात तिसऱ्या प्रकारच्या तरफेप्रमाणे कार्य करतो: कोपर हा टेकू, तळहातावरील वस्तू हा भार व मध्ये स्नायूचे बल. निवेश टेकूपासून ४ सेंमी व भार ३२ सेंमी अंतरावर मानल्यास, आडव्या हातावरील ५ किलोग्रॅमची वस्तू तोलण्यास स्नायूला ४० किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागते. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. बल अधिक लागले, तरी स्नायू थोडाच आखडून तळहात वेगाने व दूरवर हलतो.

दुखापत

कंडरा पूर्ण तुटल्यास स्नायू धडधाकट असूनही त्याचा ओढा हाडापर्यंत पोहोचत नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा तुटल्यास त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे सहसा अशक्य होते. कंडरेस रक्तपुरवठा कमी असल्याने ती स्नायूपेक्षा सावकाश भरून येते.