मिस्त्री, प्लंबर, वायरमन: ठेकेदारांची संघटना, प्रशिक्षण आणि कामावर घेण्याचे नियम; गावातल्या कारागिरांसाठी सविस्तर माहिती

गावात घर बांधायला काढलं की पाच-सहा ठेकेदार लागतात. गवंडीकामाचा मिस्त्री वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, पेंटर वेगळे. प्रत्येकाच्या हाताखाली दोन-चार माणसं. बहुतेक कारभार तोंडी चालतो. हजेरी खिशातल्या डायरीत, हिशोब काम संपल्यावर. सगळं सुरळीत असेपर्यंत याची अडचण वाटत नाही. पण माणूस परांचीवरून पडला, मजुरी अडकली किंवा मोठ्या कामासाठी कोणी प्रमाणपत्र मागितलं, की हातात कागद नसतो. तो कागद कुठून आणि कसा मिळतो, याची ही माहिती.

ठेकेदारांची संघटना आणि कामगारांची युनियन

या दोन गोष्टींत पुष्कळ जण गल्लत करतात. ठेकेदारांची संघटना ही काम घेणाऱ्यांची आणि माणसं लावणाऱ्यांची असते. युनियन ही मजुरी करणाऱ्यांची. युनियनची नोंदणी कामगार संघटना कायदा 1926 खाली व्हायची, आता ती नव्या औद्योगिक संबंध संहितेत आली आहे. ठेकेदारांची संघटना सहसा संस्था नोंदणी कायदा 1860 खाली नोंदवतात आणि त्यासाठी किमान 7 सभासद लागतात. म्हणजे एका तालुक्यातले सात प्लंबर किंवा सात वायरमन एकत्र आले तरी संस्था उभी राहू शकते.

देशपातळीवर बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया 1941 पासून आहे. घरबांधणी व्यावसायिकांची क्रेडाई 1999 मध्ये स्थापन झाली. प्लंबिंगच्या व्यवसायासाठी इंडियन प्लंबिंग असोसिएशन 1993 पासून काम करते. अशा संघटना अधिवेशनं घेतात, नव्या साहित्याची प्रदर्शनं भरवतात आणि सरकारकडे मागण्या मांडतात. 11 मार्च हा जागतिक प्लंबिंग दिन आणि 15 सप्टेंबर हा अभियंता दिन. या दिवसांच्या आसपास ठिकठिकाणी मेळावे होतात. तालुक्याच्या कारागिराने अशा ठिकाणी एकदा तरी जावं. नवा पाइप, नवी वायर, नवं केमिकल कसं वापरायचं हे तिथे फुकट बघायला मिळतं.

प्रशिक्षण: कोणतं, किती दिवसांचं

आयटीआय. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे कोर्स दोन वर्षांचे आहेत. प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं.

शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिस). शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं आहेत, तिला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. म्हणजे दहा माणसांचा इलेक्ट्रिकल ठेकेदारसुद्धा गावातलं आयटीआय झालेलं पोर रीतसर अप्रेंटिस म्हणून घेऊ शकतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजना 2016 मध्ये सुरू झाली. तिच्यात विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. "आधी सहा महिने फुकट शीक, मग बघू" असं सांगून राबवून घेणं म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. खऱ्या अप्रेंटिसशी करार होतो आणि तो पोर्टलवर नोंदला जातो.

ग्रामीण गवंडी प्रशिक्षण. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरकुलाच्या प्रत्यक्ष बांधकामावरच 45 दिवसांचं गवंडी प्रशिक्षण देतात. शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं.

पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत. राजमिस्त्री, सुतार आणि लोहार त्यात आहेत. प्लंबर आणि वायरमन नाहीत. प्राथमिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं असून त्या काळात रोज 500 रुपये मिळतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. कर्ज 5 टक्के व्याजाने मिळतं, आधी 1 लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. अर्ज सीएससी केंद्रावर होतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते.

आधीच काम येत असेल तर. वीस वर्षं प्लास्टर करणाऱ्या माणसाला पुन्हा शाळेत बसायची गरज नाही. कौशल्य विकास योजनेत "आधीच्या कौशल्याला मान्यता" हा भाग आहे. त्यात थोड्या दिवसांची उजळणी करून घेतात आणि हाताचं काम तपासून प्रमाणपत्र देतात.

वायरमनसाठी परवाना वेगळा

आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. वीजजोडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं, असा नियम आहे. नव्या वीज कनेक्शनसाठी महावितरणकडे जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. कित्येकदा अशी सही जागा न बघताच विकत मिळते. असा कागद घरमालकाच्याच जिवावर उठतो. अर्थिंग नीट नसेल तर पहिला झटका घरातल्याच माणसाला बसतो. घरमालकाने सही करणाऱ्याला प्रत्यक्ष घरी बोलवावं आणि अर्थिंग तपासून घ्यावं.

कामावर घेताना काय पाहायचं

चार नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झाल्या आहेत. त्यातली वेतन संहिता लहान ठेकेदारालाही लागू आहे, माणसं किती आहेत याची अट नाही. मुख्य गोष्टी अशा:

- रोजावर काम असेल तर मजुरी त्या दिवसाची पाळी संपताना द्यायची. आठवड्याची असेल तर सुट्टीआधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याची असेल तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत.
- कामावरून काढलं किंवा माणसाने काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता करायचा.
- जादा वेळ काम करून घेतलं तर दर दुप्पट.
- एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना वेगळी मजुरी देता येत नाही.
- मजुरीतून होणारी सगळी कपात मिळून निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये.
- ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याच्या आस्थापनेचं काम आहे त्या मालकावर ती जबाबदारी येते.

उचल हा आपल्याकडे नेहमीचा प्रकार आहे. उचल देणं-घेणं हा गुन्हा नाही, पण ती लिहून ठेवावी आणि दोघांकडे एक-एक प्रत असावी. उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडकवून ठेवणं, घरी जाऊ न देणं, त्याची कागदपत्रं काढून घेणं हे वेठबिगारीत मोडतं. त्यावर 1976 पासून कायद्याने बंदी आहे.

ठेकेदारांचीही बाजू आहे. सरकारी कामांची बिलं महिनोन्‌महिने अडकतात. 2025 मध्ये याच थकीत बिलांवरून राज्यभरातल्या ठेकेदारांनी आंदोलनं केली. पण बिल अडकलं म्हणून मजुराचा पगार अडकवता येत नाही, कायद्यात तशी सूट नाही. लहान ठेकेदाराने काम घेतानाच दोन महिन्यांच्या मजुरीची सोय धरून दर भरावा. नाहीतर बिलाचा सगळा बोजा रोजावरच्या माणसाच्या चुलीवर येतो.

बांधकाम कामगार नोंदणी

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला वय 18 ते 60 हवं आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. गवंडी, प्लंबर, वायरमन, पेंटर, सुतार, फिटर आणि बिगारी हे सगळे यात येतात. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडूनही तो मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, नाहीतर लाभ थांबतात.

मंडळाच्या योजनांत कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये आहेत. मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला 2,500 आणि आठवी ते दहावीसाठी 5,000 रुपये मिळतात, त्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. हा पैसा बांधकामाच्या खर्चावर घेतल्या जाणाऱ्या 1 टक्का उपकरातून येतो. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही, बांधकामातूनच उभा राहिलेला निधी आहे.

हजार-दोन हजार घेऊन खोटा दाखला काढून देणारे एजंट गावोगाव फिरतात. खोट्या दाखल्यावर नोंदणी केली तर ती रद्द होते आणि खऱ्या मजुराच्या अर्जावरही संशय येतो. ज्याने माणूस खरोखर राबवला, त्या ठेकेदाराने दाखला द्यायला टाळाटाळ करू नये. हजेरीची वही नीट असेल तर दाखला द्यायला पाच मिनिटं लागतात.

परदेशातली कामं

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. इस्रायलसाठीही सरकारी यंत्रणेमार्फत सेंट्रिंग, लोखंड बांधणी, फरशी आणि प्लास्टरच्या कामगारांची भरती झाली. यामुळे एजंटांचा सुळसुळाट वाढला. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. कोणी लाख-दोन लाख मागत असेल किंवा पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणत असेल, तर तिथेच थांबावं.

तालुक्याच्या संघटनेने करण्यासारखी कामं

- सगळ्या सभासदांसाठी एकसारखी हजेरी वही आणि मजुरीची पावती छापून घेणं.
- वर्षातून एकदा बांधकाम कामगार नोंदणीचं शिबिर घेणं.
- जवळच्या आयटीआयशी बोलून अप्रेंटिसची यादी ठेवणं.
- हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट एकत्र खरेदी करणं, म्हणजे दर कमी पडतो.
- मजुरीचा वाद पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी दोन्ही बाजू ऐकायला तिघांची समिती नेमणं.

कारागिराने स्वतःजवळ चार गोष्टी कायम ठेवाव्यात: नोंदणी कार्ड, कौशल्याचं प्रमाणपत्र, उचलीचा कागद आणि हजेरीची स्वतःची नोंद. रोज संध्याकाळी ठेकेदाराच्या डायरीतल्या आपल्या हजेरीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला, तरी वादाच्या वेळी तो उपयोगी पडतो.