‘योग्य उमेदवार मिळत नाहीत’ : स्किन समिती (१९२५-२६) आणि लष्करातील तरुण भरतीचा प्रश्न

लष्करी सेवेसाठी योग्य तरुण मिळत नाहीत, ही तक्रार आपल्या देशाला नवी नाही. १९९० नंतर अधिकाऱ्यांच्या रिक्त जागांची चर्चा वारंवार झाली, समित्या नेमल्या गेल्या आणि सेवाशर्तींत बदल करण्यात आले. हीच तक्रार सुमारे शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकार करीत होते. त्या वेळी तिचा अर्थ मात्र वेगळा होता. भारतीय तरुणांत अधिकारी होण्याची पात्रताच कमी आहे, असे तिच्यातून सुचविले जात होते. या म्हणण्याची रीतसर तपासणी इंडियन सँडहर्स्ट समितीने केली. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल सर अँड्र्यू स्किन यांच्या नावावरून ती स्किन समिती म्हणून ओळखली जाते. या समितीच्या निष्कर्षांचा आढावा घेणे आणि महाविद्यालयीन शिक्षकांना त्यातून काय घेता येईल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : भरतीचे आकुंचन

१८५७ च्या उठावानंतर सैन्याच्या पुनर्रचनेसाठी पील आयोग नेमण्यात आला. त्यानंतरच्या काळात, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५-१८९३), काही जमाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या तशा नाहीत, ही कल्पना भरतीचे धोरण ठरवू लागली. भरतीचा भार पंजाब, सरहद्द प्रांत आणि नेपाळ यांच्याकडे सरकला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांचा वाटा घटला. ज्या मुंबई सैन्यात कोकण आणि दख्खनमधील हिंदू, मुसलमान आणि महार सैनिकांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली होती, त्याच प्रदेशातील तरुणांना हळूहळू दारे बंद झाली. महारांची भरती थांबविल्याबद्दल गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला, ही घटना सुपरिचित आहे.

हा सिद्धान्त किती तकलादू होता, हे पहिल्या महायुद्धात उघड झाले. मेसोपोटेमियात आणि कूतच्या वेढ्यात मराठा पलटणींनी जी कामगिरी केली, तिच्यानंतर दख्खनच्या सैनिकाला कमी लेखणे अवघड झाले. बेळगाव हे पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बनले. दोन महायुद्धांच्या दरम्यान या पलटणीत मराठ्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांचीही भरती होत असे, ही बाब आपल्या भागातील इतिहासाच्या अध्यापनात क्वचितच येते.

दहा जागा

शिपाई म्हणून भरती होणे आणि अधिकारी होणे यांत मोठे अंतर होते. सुभेदार, जमादार ही पदे भारतीयांना मिळत. त्यांचा दर्जा व्हाइसरॉयच्या सनदेचा होता आणि सर्वांत ज्येष्ठ सुभेदारसुद्धा नव्या ब्रिटिश लेफ्टनंटच्या हाताखाली असे. राजाची सनद, म्हणजे खऱ्या अर्थाने अधिकारीपद, भारतीयांसाठी खुले झाले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. १९१८ मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजात भारतीय कॅडेटांसाठी तात्पुरती प्रशिक्षण शाळा काढण्यात आली. पुढे १९४९ मध्ये भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले के. एम. करिअप्पा याच शाळेतून बाहेर पडले. ही शाळा एका तुकडीनंतर बंद झाली. त्यानंतर मार्ग उरला तो इंग्लंडमधील सँडहर्स्टचा, आणि तेथे भारतीयांसाठी वर्षाला जागा होत्या फक्त दहा.

आश्चर्याची गोष्ट अशी की, या दहा जागांसाठीही पुरेसे योग्य उमेदवार येत नाहीत असे सांगितले जाई. जे जात त्यांच्यातील गळतीचे प्रमाण ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या मानाने फार मोठे होते. सरकारच्या दृष्टीने हा भारतीयांच्या अपात्रतेचा पुरावा होता.

समितीने काय पाहिले

जून १९२५ मध्ये समिती नेमली गेली. पंडित मोतीलाल नेहरू, बॅ. महंमद अली जिना, सर फिरोज सेठना, सर साहिबजादा अब्दुल कय्यूम आणि अलिगढचे डॉ. झियाउद्दीन अहमद हे तिच्या सदस्यांपैकी होते. स्वराज पक्षाच्या धोरणानुसार मोतीलालजींनी १९२६ मध्ये समिती सोडली. जिना, सेठना आणि मेजर ठाकूर जोरावर सिंग यांच्या उपसमितीने इंग्लंड, फ्रान्स, कॅनडा आणि अमेरिका येथील लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या. जिनांचे नंतरचे राजकारण वेगळ्या दिशेने गेले, त्यामुळे त्यांच्या या कामाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. अभ्यासकाने त्या काळातील काम त्या काळाच्या संदर्भात पाहणे योग्य ठरेल. तसेच डॉ. झियाउद्दीन यांच्यासारखा शिक्षणतज्ज्ञ लष्करी समितीवर असणे, हेही अर्थपूर्ण आहे, कारण समितीसमोर आलेला प्रश्न शेवटी शिक्षणाचाच निघाला.

समितीने जी कारणे नोंदविली त्यांचा गोषवारा पुढीलप्रमाणे देता येईल.

पहिले कारण माहितीचा अभाव. राजाची सनद भारतीयांना मिळू शकते, हेच अनेक सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक नव्हते. शाळा-महाविद्यालयांपर्यंत ही माहिती नीट पोहोचविली गेली नव्हती.

दुसरे कारण निवडीची पद्धत. अर्ज जिल्हा अधिकाऱ्यांपासून वर व्हाइसरॉयपर्यंत शिफारशींच्या वाटेने जात असे. त्यात लढाऊ मानलेल्या जमातींतील आणि सरकारशी एकनिष्ठ घराण्यांतील मुलांना झुकते माप मिळे. शिकलेल्या मध्यमवर्गाला तेथे फारसा वाव नव्हता. म्हणजे ज्या वर्गात शिक्षण होते त्याला वाट नव्हती, आणि ज्यांना वाट होती त्यांतील अनेकांकडे आवश्यक ते शिक्षण नव्हते.

तिसरे कारण खर्च आणि अंतर. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वखर्चाने इंग्लंडला पाठवायचे, परक्या वातावरणात परक्या भाषेत शिकवायचे, आणि तो नापास झाला तर पुढची सगळी वाट बंद, हा धोका सामान्य पालकाला परवडणारा नव्हता.

चौथे आणि सर्वांत मूलभूत कारण शालेय शिक्षणाचे. भारतातील शाळा परीक्षा उत्तीर्ण होण्यापुरते शिकवीत. स्वतः निर्णय घेणे, गटाचे नेतृत्व करणे, मैदानी खेळ, मोकळेपणाने इंग्रजी बोलणे, यांचा सराव मुलांना नव्हता. १९२२ मध्ये डेहराडून येथे सुरू झालेल्या रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजमधील मुले सँडहर्स्टमध्ये तुलनेने चांगली टिकू लागली, यावरून हे स्पष्ट झाले. मुले त्याच समाजांतील होती. तयारी बदलली तसा निकाल बदलला.

टिकवून ठेवण्याचा प्रश्न

भरतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता तो आलेल्या तरुणांना सन्मानाने टिकवून ठेवण्याचा. १९२३ मध्ये सरसेनापती लॉर्ड रॉलिन्सन यांच्या काळात ‘आठ पलटणींची योजना’ जाहीर झाली. भारतीय अधिकाऱ्यांना फक्त आठ ठरावीक पलटणींत नेमायचे, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याला भारतीयाच्या हाताखाली काम करावे लागणार नाही, असा तिचा हेतू होता. या आठांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक आणि हैदराबाद रेजिमेंटची एक पलटण होती. पुढे भारतीय अधिकारी वाढले तेव्हा पूर्वी सुभेदार-जमादार करीत असलेली कामे त्यांच्याकडे देण्यात आली. काही छावण्यांतील क्लबांची दारेही त्यांना बंद होती.

स्किन समितीने ही योजना रद्द करावी, सँडहर्स्टमधील जागा तातडीने दुप्पट करून दरवर्षी वाढवाव्यात, तोफखाना, अभियांत्रिकी आणि हवाई दल ही क्षेत्रे खुली करावीत, १९३३ पर्यंत भारतातच लष्करी महाविद्यालय काढावे आणि १९५२ पर्यंत निम्मे अधिकारी भारतीय असावेत, अशा शिफारशी केल्या. सरकारने त्यांपैकी थोड्याच मान्य केल्या. सँडहर्स्टच्या जागा पंचवीस झाल्या, वुलिच आणि क्रॅनवेल येथे प्रत्येकी सहा जागा मिळाल्या, पण आठ पलटणींची योजना कायम राहिली. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ मध्ये उघडली, तीही गोलमेज परिषदेत हा विषय लावून धरला गेल्यावर. पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते. सॅम माणेकशा आणि पुढे पाकिस्तानचे सेनाप्रमुख झालेले महंमद मूसा हे दोघे याच तुकडीतील. मात्र येथून बाहेर पडणाऱ्यांना सँडहर्स्टच्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी वेतन ठरविण्यात आले. बुद्धिमान तरुणाने या सेवेऐवजी वकिली किंवा सनदी नोकरी पसंत केली, तर त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

महायुद्धाचा दाखला

दुसऱ्या महायुद्धाने या वादाचा निकाल लावला. गरज निर्माण झाली तेव्हा अडथळे दूर झाले. १९४० मध्ये सर्व पलटणी भारतीय अधिकाऱ्यांना खुल्या झाल्या. १९४३ पासून शिफारशींच्या जागी निवड मंडळांची शास्त्रीय पद्धत आली. युद्ध संपेपर्यंत वेतनातील तफावतही दूर करण्यात आली. भारतीय अधिकाऱ्यांची संख्या काही शेकड्यांवरून काही हजारांवर गेली. कोल्हापूर परिसरातील शं. पां. पा. थोरात, करिअप्पांप्रमाणेच कोडगूचे के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन या तिघांनी जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींचे नेतृत्व केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. जे समाज लढाऊ नाहीत असे चाळीस-पन्नास वर्षे सांगितले गेले, तेच आता हवे होते. माणसे तीच होती, बदलले होते ते धोरण.

सन्मानाने टिकण्याचा अर्थ काय, हे ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या जीवनातून कळते. आझमगढ जिल्ह्यात १९१२ मध्ये जन्मलेले उस्मान सँडहर्स्टला गेलेल्या शेवटच्या भारतीयांपैकी एक. फाळणीच्या वेळी त्यांची बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. उस्मान यांनी भारतात राहणे पसंत केले. नौशेराचा यशस्वी बचाव करून ३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर महावीर चक्राने त्यांचा गौरव झाला आणि त्यांचा दफनविधी दिल्लीत जामिया मिल्लियाच्या परिसरात झाला. खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जानेवारी १९५५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे प्रमुख मेजर जनरल इनायत हबीबुल्ला होते. तरुणांना घडविण्याचे काम नव्या राष्ट्राने एका मुस्लिम अधिकाऱ्याकडे सोपविले होते, ही नोंद आपल्या विद्यार्थ्यांसमोर आवर्जून ठेवली पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि आपली जबाबदारी

स्वातंत्र्यानंतर प्रवेशाची दारे कायद्याने सर्वांना खुली झाली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये आणि विजापूरची १९६३ मध्ये सुरू झाली. बेळगावची लष्करी शाळा त्याआधीच, १९४५ मध्ये निघाली होती. महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. स्किन समितीने दाखविलेली शालेय तयारीची उणीव भरून काढण्याचेच हे प्रयत्न होत.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. १९९१ नंतर खासगी क्षेत्रातील वेतन वाढले आणि अधिकाऱ्यांची उणीव जाणवू लागली. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार २००४ पासून बढतीचा वेग वाढविण्यात आला. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत सैनिकांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम केले जाते. या योजनेच्या गुणदोषांची चर्चा चालू राहील. इतिहासाचा अभ्यासक एवढेच म्हणेल की, सेवेनंतरची वाट जितकी स्पष्ट, तितका चांगला उमेदवार सेवेकडे वळतो.

आपल्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर स्किन समितीने सांगितलेली चारही कारणे तपासून पाहावीत. शिफारशींची पद्धत गेली. प्रबोधिनीतील प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. उरली ती दोन कारणे, माहितीचा अभाव आणि तयारीचा अभाव, आणि ही दोन्ही शिक्षकांच्या आवाक्यातील आहेत. प्रबोधिनीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, तिच्यात गणित आणि इंग्रजी यांना महत्त्व आहे, २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळतो आणि तिच्या वयोमर्यादेत बारावीच्या आसपासचीच मुले बसतात, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना वेळेवर कळते? पदवीच्या तिसऱ्या वर्षी कळले तर ती वाट बंद झालेली असते, मग उरते ती पदवीधरांसाठीची परीक्षा. राष्ट्रीय छात्र सेनेची तुकडी कागदोपत्री आहे की मैदानावर, वादविवाद मंडळात नेहमीची चार मुले बोलतात की सगळी, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. समितीने मात्र शंभर वर्षांपूर्वी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते.

आपली मुले तिकडे जात नाहीत, हे वाक्य शिक्षक-कक्षात सहज बोलले जाते. १९२५ मध्ये सरकारही तेच म्हणत होते. त्या वेळी मुलांना दोष न देता त्यांच्यापर्यंत न पोहोचलेल्या वाटेचा शोध घेणारी माणसे समितीवर होती. आज ते काम आपल्याकडे आले आहे.