थंड चुंबकाचे राखणदार

इथाइल अल्कोहोलचा रेणू रसायनशास्त्राचा कोणताही विद्यार्थी वहीत काढून दाखवतो. एका टोकाला तीन हायड्रोजन, मध्ये दोन आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनला धरून बसलेला एक. १९५१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हे तिन्ही गट पडद्यावर वेगवेगळे उमटले. शिखरे तीन, आणि त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण एकास दोन, दोनास तीन, अगदी वहीतल्या आकृतीप्रमाणे. त्या शोधनिबंधावर आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड अशी तीन नावे आहेत. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतातल्या एनएमआरच्या परंपरेचा एक मोठा प्रवाह त्यांच्यापासून सुरू झाला.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे प्रयोगशाळेत सगळे ज्याला एनएमआर म्हणतात, त्याचा जन्म पदार्थविज्ञानाच्या घरातला. १९४५ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी पॅराफिनमध्ये, तर लगेचच स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख, हॅन्सन आणि पॅकार्ड यांनी पाण्यात हा परिणाम टिपला. काही अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात ठेवली की ठरावीक वारंवारितेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. ही वारंवारिता मोजून अणुकेंद्राचे चुंबकीय गुणधर्म काटेकोर काढायचे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. १९५२ चे नोबेल ब्लॉख आणि पर्सेल यांना विभागून मिळाले ते यासाठीच.

पण १९५० मध्ये स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे एकाऐवजी दोन संकेत मिळाले. अणुकेंद्र तेच, मग वारंवारिता दोन कशा? भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे अणुकेंद्रापर्यंत पोहोचणारे क्षेत्र किंचित बदलते, हे त्याचे उत्तर. अचूक मोजमाप करू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना ही कटकट वाटली. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती मात्र घबाड लागले, कारण अणूचे शेजारी कोण आहेत हे आता रेणू न तोडता कळू लागले. अल्कोहोलच्या तीन शिखरांनी तेच दाखवून दिले.

यंत्र विकणाऱ्यांनी ही संधी ओळखली. व्हेरियन कंपनीने १९६१ मध्ये आणलेला ए-६० हा ६० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रोमीटर नोंदी छापील आलेखपत्रावर काढून देई. तो चालवायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नव्हती. जगभरच्या रसायनशास्त्र विभागांत एनएमआर शिरला तो अशा यंत्रांमुळे. त्यांचे विद्युतचुंबक वीज आणि थंड पाणी मागत, पण काम संपल्यावर बंद करता येत.

पुढच्या पिढीत ही सोय गेली. अधिक ताकदवान क्षेत्र हवे म्हणून अतिवाहक तारांची वेटोळी आली. ती उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवली की एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यामुळे चुंबक रविवारी चालू, दिवाळीला चालू, वीज गेली तरी चालू. त्याच सुमारास रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी वारंवारिता एकेक करून चाळण्याऐवजी एकाच स्पंदाने सगळा वर्णपट घेण्याची फूरिये पद्धत आणली. निसर्गात जेमतेम १.१ टक्का असणारा कार्बन-१३ त्यामुळे रोजच्या आवाक्यात आला. यंत्राची ताकद वाढली, किंमत वाढली, आणि त्याच्याजवळ कायम कुणीतरी जाणते माणूस असणे भाग पडले.

विद्यापीठीय एनएमआर प्रयोगशाळेचा व्यवस्थापक हा पेशा इथून घडला. नोबेलच्या यादीत तो दिसत नाही आणि शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या एका ओळीत सामावतो. तरीही भारतात हे शास्त्र रुजले ते उपकरण सामायिक ठेवण्याच्या निर्णयामुळे आणि ते सांभाळणाऱ्या माणसांमुळे.

मुंबईत धर्मट्टींच्या गटातून तयार झालेली माणसे पुढे देशभर पसरली. सी. एल. खेत्रपाल यांनी द्रव स्फटिकांमधल्या रेणूंवर काम केले. त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रगत उपकरणांची सुविधा उभी करण्यात पुढाकार घेतला आणि नंतर लखनौला जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदनाचे केंद्र उभारले. बेंगळुरूचेच अनिल कुमार झुरिचला अर्न्स्ट यांच्याबरोबर होते. प्रथिनांतले कोणते हायड्रोजन एकमेकांच्या जवळ आहेत हे सांगणाऱ्या द्विमितीय पद्धतीवरच्या १९८० च्या निबंधात अर्न्स्ट आणि प्रथिनांचे अभ्यासक वुथ्रिख यांच्या जोडीला त्यांचे नाव आहे.

सत्तरच्या दशकात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली. आयआयटी मुंबईचे केंद्र १९७६ चे. एका विभागाला न परवडणारे यंत्र एका ठिकाणी ठेवायचे आणि इतर महाविद्यालये, संशोधन संस्था व कारखाने यांना शुल्क घेऊन वापरू द्यायचे, असा हा बेत. टाटा संस्थेत १९८३ मध्ये उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली, तिच्यामागेही हीच कल्पना होती. तिथला ५०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रोमीटर ११.७ टेस्ला क्षेत्राचा. गिरिजेश गोविल आणि रामकृष्ण होसूर यांच्यासारख्या संशोधकांनी डीएनए आणि प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास तिथे नेटाने केला. पुढे ६०० आणि ८०० मेगाहर्ट्झची यंत्रेही आली.

सामायिक यंत्राला नियम लागतात आणि नियमांना माणूस. दिवसा विद्यार्थ्यांचे छोटे नमुने, प्रत्येकी काही मिनिटांचे. रात्री कार्बन-१३ च्या लांब नोंदी. शनिवार-रविवार प्रथिनांसाठी, कारण तिथे एकेका प्रयोगाला दिवस जातात. प्रबंध सादर करायला आठवडा उरलेला विद्यार्थी आणि प्रथिन नासायच्या आत प्रयोग उरकू पाहणारा संशोधक एकाच वेळी दारात उभे राहतात, तेव्हा नोंदवहीतली खाडाखोड व्यवस्थापकालाच करावी लागते. बाहेरून आलेल्या कुपीवर विद्रावकाचे नाव नसते, पाच मिलिमीटरच्या काचनळीला तडा असतो, नमुना धड विरघळलेला नसतो. असा नमुना प्रोबमध्ये, म्हणजे चुंबकाच्या आत नळी जिथे बसते त्या भागात, फुटला तर सगळ्यांचेच काम थांबते, म्हणून नळी उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय अनुभवी माणूस ती आत सोडत नाही.

शिमिंगचे कामही हाताला वळण लावणारे. नमुन्याभोवतीचे क्षेत्र अब्जात एखाद्या भागाइतके सारखे व्हावे म्हणून चुंबकात लहान लहान वेटोळ्यांचा संच असतो. आज संगणक ते आपोआप जुळवतो. त्याआधी चालक एकेक बटण फिरवत बसे. एक सुधारले की दुसरे बिघडे, मग पुन्हा पहिल्यापासून. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर ज्या धीराने दोरा सरकवतो, तोच धीर इथे लागे. रेषा बुडापाशी दोन्ही बाजूंनी सारखी उतरते आहे ना, हे क्लोरोफॉर्मच्या नमुन्यावर तपासत. चांगल्या चालकाला तिच्या नुसत्या आकारावरून कळे की बिघाड कोणत्या वेटोळ्यात आहे.

हेलियम भरण्याचा दिवस मात्र एकट्याचा नसतो. अचुंबकीय टाकी चाकांवरून चुंबकाजवळ आणली जाते. खिशातले पाकीट, किल्ल्या, फोन बाहेर. पेसमेकर असलेल्याला तर पाच गाउसच्या आखलेल्या रेषेच्या आत प्रवेशच नाही. दुहेरी भिंतीच्या नळीचे एक टोक टाकीत उतरवतात आणि दुसरे लगेच चुंबकात न घालता बाहेरच धरून ठेवतात. आधी नुसता वायू फुसफुसतो, मग नळी गार होत जाते, आणि टोकाशी दाट पांढरा झोत दिसला की द्रव आला असे समजायचे. त्याआधीच नळी आत घातली तर गरम वायू चुंबकातला उरलासुरला हेलियम उकळून टाकतो. वेटोळ्याचा एखादा भाग तापून अतिवाहकता गमावली तर क्वेंच होतो. साठलेली सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि हेलियम काही मिनिटांत वायूरूप होतो. लिटरभर द्रवाचा सातशेहून अधिक लिटर वायू खोलीतला ऑक्सिजन हटवतो. म्हणून भिंतीवर ऑक्सिजन मोजणारा गजर असतो, आणि गजर वाजल्यावर आधी बाहेर पळायचे हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

भारताला लागणारा हेलियम जवळपास सगळा बाहेरून येतो. गेल्या दीड दशकात जागतिक बाजारात त्याची टंचाई वारंवार आली आणि प्रत्येक वेळी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना झळ बसली. टाटा संस्थेसारख्या ठिकाणी द्रवीकरणाची स्वतःची व्यवस्था आहे. उडणारा वायू गोळा करून पुन्हा द्रव करता येतो. जिथे ती नाही, तिथला व्यवस्थापक पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे आणि पुरवठादाराच्या तारखेकडे एकाच वेळी डोळे लावून असतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळामुळे कोणत्या संस्थेत कोणते उपकरण आहे हे आता कुणालाही शोधता येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रादेशिक केंद्रांचीच ही पुढची पायरी. मात्र यंत्र विकत घेण्याचा पैसा एकरकमी अनुदानातून येतो, तर हेलियम, दुरुस्ती आणि चालकाचा पगार दरवर्षीच्या आवर्ती खर्चातून भागवावा लागतो. कात्री आधी लागते ती या दुसऱ्या खात्याला. म्हणून नव्या स्पेक्ट्रोमीटरचा प्रस्ताव मंजूर करतानाच दहा वर्षांचा हेलियम आणि एक कायम तांत्रिक पद त्यात धरलेले असावे. चुंबक थंड ठेवायचा तर हा खर्च टळत नाही, आणि शिमिंग, हेलियम, नमुन्यांची पारख यांत मुरलेला माणूस कंत्राटावर अकरा-अकरा महिन्यांनी बदलून मिळत नाही.