पेन्सिलीची नोंद आणि कुलूप

माढा तालुक्यातल्या जुन्या फेरफार नोंदी मी काही वर्षांपासून संगणकावर उतरवतो आहे. ना इतिहासाची पदवी, ना संगणकाची. दोन्ही गरजेपोटी शिकलो. दोघी मुली नोंदी भरतात आणि त्याच वेळी गावोगावची माणसे आपल्या पणजोबांची नावे त्या संग्रहात शोधत असतात.

एका सोमवारी सगळेच थांबले. शोध लागेना, नोंद बसेना. गंमत म्हणजे यंत्रावर भार जवळजवळ नव्हता. म्हणजे कोणी काम करत नव्हते, सगळे वाट पाहत होते.

कारण मीच निघालो. मुख्य तक्त्यात एक रकाना वाढवण्याचा हुकूम मी भरदिवसा सोडला होता. त्यासाठी अख्ख्या तक्त्याला कुलूप लागते. पण सकाळी मीच सुरू केलेला एक शोधव्यवहार अर्धवट उघडा होता. त्याचे वाचनापुरते साधे कुलूप सुटेना, म्हणून माझा हुकूम त्याच्यामागे थांबला. आणि नंतर आलेले सगळे, नुसते वाचणारेसुद्धा, माझ्या हुकुमामागे. रॉकेलच्या रांगेत पुढच्याने कॅन ठेवून चहाला जावे, तसे. पोस्टग्रेसच्या कुलपांच्या यादीत तो उघडा व्यवहार सापडला. तो बंद करताच रांग क्षणात हलली. आता असा हुकूम देताना कुलपासाठी थांबण्याची मर्यादा दोन सेकंद ठेवतो. मिळाले नाही तर माघार, आणि पुन्हा रात्री.

पण हा पेच संगणकाने आणलेला नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली झाला. गावाचे दप्तर एक, तलाठी एक. वारसाची नोंद गाव नमुना सहामध्ये चढली, की नोटिसा, हरकती, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. वाद असेल तर महिनोन्महिने. तोवर सातबारा अडवून ठेवायचा का? रूढ झालेली पद्धत अशी, की नवी नोंद सातबारावर पेन्सिलीने करायची आणि मंजुरीनंतर शाईने. शाईतले जुने नाव तोवर वाचायला खुले. अडकायचा तो तेवढाच गट. गावाचे दप्तर चालू.

कुलूप केवढे असावे, अख्ख्या तक्त्याला की एका ओळीला, यावर आयबीएमच्या जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी 1975 साली निबंध लिहिला. 1978 साली एमआयटीत डेव्हिड रीड यांनी प्रबंधात मांडले, की जुनी प्रत पुसू नका, वाचणाऱ्याला तीच द्या. पोस्टग्रेस आज असेच चालते, म्हणून एरवी वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. यात मला आमचे दप्तर दिसते.

एक फरक मात्र मोठा आहे. यंत्रातल्या वाचकाला जुनी प्रत मिळते. मागे काही बदल चालू आहे, याचा पत्ता नसतो. पेन्सिल ते सांगायची. बहिणीचे नाव फिकट अक्षरांत दिसले, की जमीन घेणारा थबकून विचारायचा. अर्थात खोडरबरही त्याच टेबलावर असे, हे विसरता येत नाही. आताच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ अशी छापील ओळ येते. तिला खोडरबर लागत नाही.

त्या सोमवारी मी घालत होतो तो रकाना हाच होता: नोंद मंजूर की प्रलंबित. तो रात्री सव्वाअकराला घातला. दोन सेकंदही लागले नाहीत.