कुराण : अरबी वाणी आणि मराठी अर्थ

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे. वऱ्हाडांतील अशा गांवांतून पहांटे एकीकडे काकडआरती व दुसरीकडे फजरची बांग ऐकूं येते. बांग मराठी कानांना परिचित असते. तिच्यामागील ग्रंथ मात्र शेजाऱ्याला बहुधा अपरिचित राहतो. काळ अपुरा पडला, असेंहि म्हणतां येत नाहीं. १४९० मध्यें वऱ्हाडांत इमादशाही स्थापन करणारा फत्तेउल्ला हा मूळचा विजयनगरकडील हिंदु होता. पुढें १५७४ मध्यें निजामशाही व १५९६ मध्यें मोंगल येथें आले. राज्यें बदललीं, शेजार टिकला.

मग ग्रंथ दूर कां राहिला? याचें कारण त्याच्या स्वरूपांतच आहे. इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळील हिरा गुहेंत महंमद पैगंबरांस पहिला संदेश मिळाला. त्यांतील पहिलाच शब्द ‘वाच’ असा आहे. ६३२ मध्यें त्यांचा अंत होईपर्यंत, सुमारें २३ वर्षें, हीं वचनें प्रकट होत राहिलीं. तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळीं त्यांची प्रमाण प्रत सिद्ध झाली. ग्रंथाचे ११४ अध्याय, म्हणजे सूरा, आहेत. श्रद्धावंताच्या दृष्टीनें यांतील प्रत्येक अक्षर ईश्वराचें आहे. म्हणून पठण अरबींतच व्हावयाचें. भाषांतर हें अर्थाचें साधन, कुराण नव्हे.

या ग्रंथाचा गाभा मात्र दुर्बोध नाहीं. ईश्वर एक आहे व त्याला भागीदार नाहीं. देवदूत, ईश्वरी ग्रंथ, सर्व प्रेषित आणि अंतिम न्यायाचा दिवस यांवर विश्वास ठेवावा. इब्राहीम, मूसा व ईसा हे त्याच प्रेषितमालिकेंतील होत. आचरणाचीं अंगें पांच : श्रद्धेचा उच्चार, दिवसांतून पांच वेळां नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास हज. साठलेल्या धनाचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यावयाचा. दान ही येथें मर्जीची गोष्ट नसून कर्तव्य आहे.

वऱ्हाडाशेजारच्या वर्धा जिल्ह्यांत, पवनार येथें, एका मराठी साधकानें हें अंतर ओलांडण्याचा यत्न केला. विनोबा भावे यांची ‘गीताई’ १९३२ मध्यें प्रसिद्ध झाली होती. संस्कृतांतील अर्थ मराठी घरांत पोंचविणाऱ्या या पुरुषानें १९३९ च्या सुमारास कुराणाचा अभ्यास आरंभिला, आणि केवळ भाषांतरांवर न विसंबतां तो अरबी शिकला. दीर्घ व्यासंगानंतर निवडक आयतींचें ‘कुराण-सार’ सिद्ध झालें. सप्टेंबर १९६२ मध्यें विनोबांची पदयात्रा पूर्व पाकिस्तानांतून गेली. त्या सुमारास, पुस्तक हातीं पडण्यापूर्वींच, पाकिस्तानी वृत्तपत्रांतून त्यावर टीका झाली.

त्या टीकेमागील शंका समजण्याजोगी आहे. जेथें प्रत्येक अक्षर पवित्र, तेथें निवड करणारा कोण? आणि तोहि अन्यधर्मीय! तथापि विनोबांनीं मूळ ग्रंथाच्या जागीं दुसरा ग्रंथ ठेविला नाहीं. शेजाऱ्यासाठीं त्यांनीं एक दार उघडलें. श्रद्धावंताचा आग्रह अक्षरासाठीं होता, अभ्यासकाचा अर्थासाठीं. दोन्ही आग्रह प्रामाणिक होते.

बांगेच्या आरंभींचे शब्द ‘ईश्वर सर्वांहून महान आहे’ एवढेंच सांगतात. ज्या गांवीं ते शतकानुशतकें ऐकूं येत आले, त्या गांवच्या शेजाऱ्याला त्यांचा अर्थ ठाऊक असणें, ही पांडित्याची नव्हे, शेजारधर्माचीच गोष्ट होय.