धायटी

(सं. धातकी, हिं. धवई, लॅ. वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, कुल : लिथ्रेसी). मेंदीच्या कुलातील देशी झुडूप. भारतात बहुतेक सर्वत्र, तसेच श्रीलंका, नेपाळ, म्यानमार व चीनमध्ये आढळते. मावळात भाजे, लोहगड, विसापूरकडच्या उघड्या डोंगरउतारांवर ते वाढते.

लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तरीही हे उतार कोरडेच म्हणावे लागतात. भाजे लेणी ज्यात कोरली त्या काळ्या कातळावर मुरूम आणि मातीचा पातळ थर असतो. जून ते सप्टेंबरमधले पाणी त्यावरून इंद्रायणीकडे धावते, आणि दिवाळीनंतर गवत वाळले की उतार करपू लागतात. धायटीला असलीच उन्हाची, निचऱ्याची जागा मानवते; दाट सावलीत ती रमत नाही.

उंची १ ते ३ मी. फांद्या लांब, झुकलेल्या. साल तांबूस, पापुद्रे सुटणारी. पाने समोरासमोर, भाल्यासारखी. पान उलटले की पांढुरक्या लवेत बारीक काळे ठिपके दिसतात. जानेवारी ते एप्रिल हा ऐन बहराचा काळ. फांद्यांवर शेंदरी झुबके लगडतात, पण हा रंग पाकळ्यांचा नव्हे, निदलपुंजाच्या किंचित वाकलेल्या नळीचा. सहा पाकळ्या इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. पुंकेसर मात्र नळीबाहेर डोकावतात. तळाशी मध असतो. रान रखरखीत असताना शिंजीर व मधमाश्यांना हा मोठाच आधार, आणि गुराखी पोरेही फुले चोखतात. नळी गळून न पडता तिच्याच आत बोंड धरते.

काष्ठौषधींच्या दुकानात ‘धायफूल’ म्हणून मिळतात ती हीच वाळलेली फुले. आसवे व अरिष्टे आंबवताना ती घालतात. मधाबरोबर फुलात राहिलेले यीस्ट आंबवण्याला मदत करते. फुलांत व पानांत टॅनिन असल्याने रंगासाठी व कातडी कमावण्यासाठीही त्यांचा उपयोग झाला आहे.

गुरे धायटीला सहसा तोंड लावत नाहीत, तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून धूप थोपवण्यासाठी ती फार मोलाची. वणव्याने मात्र कोवळी रोपे जातात. फुले फांदीसकट ओरबाडणे त्याहून घातक, कारण बाजारात जाणाऱ्या त्याच नळीत पुढची बी तयार व्हायची असते. तोडणीच्या वेळी प्रत्येक झुडपावर काही झुबके बोंडे पिकेपर्यंत राखायला हवेत.